स्वतःची लाल न करता इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल चांगलं कसं बोलायचं

माझा पहिला इंटरव्ह्यू २००९ चा, पुण्यात शिवाजीनगरला एका ऑफिसात, अकाउंट्स असिस्टंटची जागा होती. धायरीहून बसने निघाले, बस स्वारगेटच्या अलीकडेच बंद पडली, मग रिक्षा शोधा, पोचले तेव्हा वीस मिनिटं उशीर झालेला आणि ओढणीने घाम पुसतेय. साहेबांनी पाणी दिलं, नाव-गाव झालं आणि मग म्हणाले, तुमच्या स्ट्रेंग्थ्स सांगा. मी आदल्या रात्री पाठ केलेलं धडाधडा म्हणून टाकलं, आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड पंक्च्युअल. साहेब काहीच बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शेजारच्या मॅडमना मात्र हसू आवरेना. नोकरी मिळाली नाही हे सांगायला नको.

आता गेली सात-आठ वर्षं मी खराडीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, आमच्या टीमसाठी माणसं घ्यायची असली की इंटरव्ह्यू मीच घेते. आणि तुम्हाला खरं सांगू का, समोरून अजून तेच येतं. हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेयर, पॉझिटिव्ह ॲटिट्यूड. दिवसाला सहा जण बघितले तर चौघांचं उत्तर एकाचं एकाला लावलं तरी चालेल. मुलं हुशार नसतात असं अजिबात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर हीच मुलं किती छान बोलतात. पण हा एक प्रश्न आला की सगळ्यांची पोपटपंची सुरू.

याचं एक कारण मला आपल्या घरांत दिसतं. लहानपणापासून स्वतःबद्दल चांगलं बोललं की "लागला स्वतःची लाल करायला" हे ऐकून मोठे झालोय आपण. पहिला नंबर आला तरी आई पाहुण्यांसमोर "हो, पण अक्षर घाण आहे" असं म्हणणार. मग बाविसाव्या वर्षी अचानक कोणीतरी एसीत बसवून विचारतं की तुमच्यात चांगलं काय आहे, आणि स्वतःचं सांगायची लाज वाटते म्हणून आपण नेटवरून कोणाची तरी विशेषणं उसनी आणतो. ती उसनी असल्याने बोलताना लाजही वाटत नाही, कारण ती आपल्याबद्दल नसतातच!

आणि ती कोणाबद्दलच नसतात. अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक टेस्ट घेतली आणि नंतर प्रत्येकाला "हे तुझं व्यक्तिमत्त्व" म्हणून एक कागद दिला, किती बरोबर आहे ते ५ पैकी मार्क देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. गंमत अशी की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो त्याने बऱ्यापैकी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. "हार्डवर्किंग टीम प्लेयर" हे असंच राशीभविष्य आहे, बाराही राशींना लागू. समोरचा ते ऐकतो पण त्याच्या कागदावर लिहायला त्याला काही मिळत नाही.

हा कागद काय असतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांना कल्पना नसते. बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यू घेणाऱ्यापुढे एक शीट असते, त्यावर त्या जागेला काय काय लागतं त्याचे रकाने, प्रत्येकापुढे मार्क आणि बाजूला "हे मार्क कशावरून दिले" ते लिहायची जागा. संध्याकाळी सहा जणांपैकी कोण घ्यायचं यावर बोलणं होतं तेव्हा कोणाचा चेहरा धड आठवत नाही, त्या जागेत काय लिहिलंय तेच वाचलं जातं. तुमचं उत्तर म्हणजे त्या जागेत लिहिता येईल असं एक वाक्य त्यांना देणं, बास. "मेहनती आहे" असं लिहिता येत नाही. काय लिहिता येतं ते बघा.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या आसपास, मुलांमुळे सहा वर्षं घरी होत्या. मी विचारलं स्ट्रेंग्थ काय. त्या म्हणाल्या, मॅडम मला फरक शोधता येतो. मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाल्या, आमच्या सोसायटीचा हिशोब मी बघते, ८४ फ्लॅट, गेल्या मार्चला बँकेच्या स्टेटमेंटशी वही जुळेना, २७० रुपयांचा फरक. कमिटीतले काका म्हणाले खिशातून टाकू आणि विषय संपवू. मी म्हटलं थांबा, २७० ला ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडले असतील. मग सगळ्या एन्ट्र्या बघायची गरजच नाही, ज्यांत शेजारच्या दोन आकड्यांत तीनचा फरक आहे तेवढ्याच बघायच्या. अर्ध्या तासात सापडलं, लिफ्टवाल्याचं बिल ४,८५० चं, वहीत ४,५८०.

झालं. मी शीटवर लिहिलं "२७०, ९ ने भाग, लिफ्टचं बिल". त्यांनी ना "अटेन्शन टू डिटेल" म्हटलं ना "ॲनालिटिकल". पण ज्याने कधी रात्री नऊ वाजता टॅलीसमोर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर, डोकं धरलंय त्याला कळतं की ही युक्ती हातात असलेला माणूस आपल्याला हवाय. आणि यात स्वतःची लाल कुठे केली त्यांनी? काय झालं तेवढं सांगितलं. लाजणाऱ्या लोकांसाठी हा सगळ्यात मोठा दिलासा आहे, "मी अशी आहे" म्हणायचंच नाही, "मी हे केलं" म्हणायचं, कशी आहे ते समोरचा ठरवेल.

आता तुम्ही म्हणाल माझ्याकडे असं काही नाहीच सांगण्यासारखं. असतं, पण ते तुम्हाला दिसत नाही, कारण जे आपल्याला सहज जमतं ते आपल्याला काम वाटतच नाही. माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकल झाला, चाकणला एका प्लांटमध्ये मेंटेनन्स ट्रेनीसाठी बोलावलं होतं, आदल्या रविवारी तयारीला माझ्याकडे आला. पोह्याची डिश पुढे ठेवली आणि विचारलं, "तुझी स्ट्रेंग्थ काय रे?"

"हार्डवर्किंग."

"म्हणजे काय करतोस?"

"म्हणजे मेहनत करतो ना आत्या."

"कसली? काल अकराला उठलास म्हणे."

"तू इंटरव्ह्यू घेतेयस का आईने पाठवलंय तुला?"

मग मी दुसरीकडून गेले. हा तीन वर्षं ढोल पथकात आहे, म्हटलं पथकात तुला कशासाठी फोन करतात? म्हणाला ढोल वाजवायला. म्हटलं वाजवणारे शंभर आहेत, तू मागच्या वर्षी तापाने पडला होतास तेव्हा काय अडलं त्यांचं? तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याच्याकडे गोडाऊनची किल्ली होती आणि एक वही होती. कसली वही? तर ६४ ढोल, प्रत्येकावर ऑइल पेंटने नंबर टाकलेला, आणि वहीत कुठल्या नंबरच्या ढोलाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, कधी बदललं, दोरी कधी ओढली, कोणाकडे दिला. पहिल्या वर्षी ऐन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तीन पानं फुटली आणि बरोबर स्पेअर एकही नव्हतं, म्हणून त्याने वही सुरू केली. दुसऱ्या वर्षी वही बघताना त्याच्या लक्षात आलं की सरावाला नवीन पोरांच्या हातात गेलेले ढोलच जास्त फुटतात, कारण त्यांचं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, एकाच जागी आणि आडवंतिडवं बसतं. मग त्याने नवीन पोरांसाठी दहा जुने ढोल वेगळे काढले, विसर्जनाच्या आधी नऊ पानं फुटायची वाट न बघता बदलून टाकली, आणि मिरवणुकीत एकच फुटलं, त्याचं स्पेअर पान टेम्पोत होतं.

मी म्हटलं अरे गाढवा, ब्रेकडाऊन मेंटेनन्स सोडून प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला गेलास तू, याच्यासाठीच तर ते माणूस शोधतायत. तो म्हणाला, "अगं पण ते पथकातलं आहे." बघा, त्याच्या डोक्यात पथक म्हणजे टाइमपास आणि स्ट्रेंग्थ म्हणजे काहीतरी इंग्लिशमधलं.

तर स्वतःचं शोधायचं असेल तर "माझे गुण कोणते" असं वहीत लिहून विचार करत बसू नका, काही सुचणार नाही. दोन-तीन लोकांना विचारा, एक घरचं, एक मित्र, जमलं तर जुन्या ऑफिसातलं किंवा कॉलेजातल्या प्रोजेक्टमधलं कोणी. आणि प्रश्न "मी कसा आहे" हा नको, त्याला सगळे "छान आहेस रे" म्हणतात. प्रश्न असा विचारा, की मी नव्हतो तेव्हा काय अडलं होतं? ट्रिपचा हिशोब कोण ठेवतं, एखादी गोष्ट बिनसली की आधी फोन कोणाला जातो, भांडणं झाली की दोन्ही बाजू कोणाशी बोलतात. तीन-चार प्रसंग निघतील, त्यातले दोन किंवा फार तर तीन घ्यायचे. सात-आठ स्ट्रेंग्थ्स सांगणाऱ्याची एकही लक्षात राहत नाही.

कुठले दोन ते कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवा. जॉब डिस्क्रिप्शन नीट वाचायचं, त्यातलं "डायनॅमिक" वगैरे सगळं सोडून द्यायचं आणि माणसाला दिवसभर करायचं काय आहे तेवढ्याखाली पेनाने रेघ मारायची. मशीन बंद पडलं की बघणं, व्हेंडरचा पाठपुरावा, महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी म्हणजे जीएसटीचं रिटर्न भरणं, रात्रीच्या शिफ्टला तक्रारींची तिकिटं बंद करणं, जे असेल ते. तुमचा प्रसंग त्या रेघेला जाऊन भिडला पाहिजे. नाट्यस्पर्धेत बॅकस्टेज केलं असेल तर सप्लाय चेनच्या जागेसाठी तो सोन्यासारखा प्रसंग आहे, ठरलेल्या वेळात सेट उभा करायचा आणि काढायचा, एक खिळा विसरला तरी सगळ्यांसमोर दिसतं. पण तोच तुम्ही डेटा एन्ट्रीच्या जागेला सांगितलात तर समोरचे म्हणतील बरं, आणि पुढे?

सांगायचं कसं याला एक जगभर वापरात असलेला साचा आहे, स्टार म्हणतात, सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट यांची पहिली अक्षरं. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, काय झालं. साचा चांगला आहे, पण आपली माणसं त्यात कुठे अडकतात ते मी रोज बघते, ती परिस्थितीत अडकतात. "त्याचं काय झालं मॅडम, आमच्या कॉलेजात दरवर्षी गॅदरिंग असतं, आणि त्यावर्षी आमचे सर बदलले होते, म्हणजे आधीचे सर खूप चांगले होते..." आणि दोन मिनिटं संपली तरी आपण अजून गॅदरिंगच्या गेटवर. पूर्ण उत्तर दीड मिनिटाच्या आत हवं. परिस्थिती दोन वाक्यं, शेवट एक वाक्य, मधला सगळा वेळ तुम्ही काय केलंत त्याला.

भाच्याचं आम्ही शेवटी असं बसवलं:

"मी आमच्या ढोल पथकात ६४ ढोलांची देखभाल बघतो. पहिल्या वर्षी मिरवणुकीत तीन ढोल फुटले आणि स्पेअर नव्हतं. मग मी प्रत्येक ढोलाला नंबर दिला आणि दुरुस्तीची वही सुरू केली. वहीवरून कळलं की शिकाऊ मुलांकडचे ढोल जास्त फुटतात, म्हणून त्यांना वेगळे ढोल दिले आणि नऊ ढोलांची पानं आधीच बदलली. दुसऱ्या वर्षी एकच फुटला. बंद पडायच्या आधी लक्ष ठेवणं मला आवडतं, आणि मेंटेनन्सला मला तेच करायचंय."

मोजून बघा, पाऊण मिनिटही लागत नाही. राहिलेला वेळ त्यांच्या प्रश्नांना. आणि शेवटचं वाक्य बघा, तिथे ते इंटरव्ह्यूच्या जागेला जोडलंय, ते सोडू नका, नाहीतर नुसती गोष्ट होते.

त्याचा पहिला ड्राफ्ट मात्र सगळा "आम्ही"मध्ये होता. आम्ही नंबर टाकले, आम्ही वही केली. ही पण आपली सवय, "मी" म्हणणं उद्धट वाटतं. पण ऐकणाऱ्याला कळत नाही की आम्ही म्हणजे कोण, तू करत होतास का बाजूला उभा राहून वडापाव खात होतास. टीमने केलं ते "आम्ही" म्हणा, तुम्ही केलं ते "मी" म्हणा, दोन्ही एकाच उत्तरात आली तर उलट जास्त खरं वाटतं. "पानं बदलायला आम्ही चौघं होतो, कुठली बदलायची ते मी काढलं."

आकडा असला की उत्तर ठळक होतं, पण प्रत्येक वेळी आकडा नसतो आणि तो बनवायचा तर अजिबात नाही. "मी एफिशियन्सी ४० टक्के वाढवली" असं एकाने सांगितलं, मी विचारलं कशाची आणि कशी मोजली, तर बिचारा पंखा बघत बसला. आकडा नसेल तर आधी-नंतर सांगा, आधी रोज तीन फोन यायचे, नंतर आठवड्यात एखादा. किंवा किती वेळ लागायचा. किंवा किती माणसं होती. आणि आधीच्या कंपनीतलं सांगताना क्लायंटचं नाव, रेट, आतले आकडे सांगू नका. तुम्हाला वाटतं आपण इम्प्रेस करतोय, समोरच्याच्या मनात येतं की हा उद्या आपलंही बाहेर सांगेल.

क्विक लर्नर म्हणायचंच असेल तर काय शिकलात, किती दिवसांत, आणि शिकल्यावर त्याचं काय केलंत ते हवं. कॉलेजात जावा होतं, प्रोजेक्टला पायथन लागलं, पहिला आठवडा नुसत्या एरर वाचण्यात गेला, तिसऱ्या आठवड्यात पहिली रिपोर्ट निघाली. त्यातला "पहिला आठवडा एरर वाचण्यात गेला" हा भाग मुद्दाम ठेवा, तो काढला की जाहिरात वाटते.

एमपीएससीच्या मुलांबद्दल थोडं वेगळं बोलते. सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढून मग खासगी नोकरीकडे वळलेली खूप मुलं येतात आणि आल्या आल्या गुन्हा कबूल केल्यासारखी मान खाली घालतात. अरे, नका करू असं. एक वाक्य, "मी २०१९ ते २०२३ स्पर्धा परीक्षा दिल्या, निवड झाली नाही, आता मला काम करायचंय", बास, पुढे रडगाणं नको. आणि तुमची स्ट्रेंग्थ "पेशन्स" म्हणून सांगू नका, ते सगळेच सांगतात. एक मुलगा म्हणाला, मॅडम मी एखाद्या योजनेचा तीस पानी जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचून त्याचं एका पानाचं टिपण काढतो, आमच्या रूमवरचे पाचही जण माझ्याच नोट्स वापरायचे. मी लगेच आमच्या एका क्लायंटच्या करारातलं एक पान दिलं, म्हटलं काढा. काढलं की त्याने! आज आमच्याकडे आहे तो.

भाषेचं टेन्शन बऱ्याच जणांना असतं. हिंजवडी-खराडीकडे बोलणं बहुतेक इंग्लिशमध्ये होतं, चाकण, रांजणगाव, भोसरीला शॉप फ्लोअरच्या जागांना मराठी-हिंदी सर्रास चालतं, तरी तयारी इंग्लिशची ठेवलेली बरी. पण प्रसंग आधी मराठीत बसवा. इंग्लिशमध्येच विचार करायला गेलं की पुन्हा ती उसनी विशेषणं यायला लागतात. मराठीत सहा वाक्यं झाली की प्रत्येकाचं साधं छोटं इंग्लिश करा, आय गेव्ह एव्हरी ढोल अ नंबर, इतकं साधं. पाठ करू नका, पाठ केलेलं मध्ये तुटलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, दोनदा तरी. स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मान्य, तरी ऐका, "बेसिकली" किती वेळा म्हणता ते कळेल.

आणि स्ट्रेंग्थ झाली की पाठोपाठ वीकनेस येतोच. तिथे "मी परफेक्शनिस्ट आहे" हे कृपया नको, मी हात जोडते. खरी पण जागेला न बुडवणारी एक गोष्ट सांगा आणि त्यावर सध्या काय करताय ते सांगा, दोन वाक्यांत.

पंक्च्युअल म्हणणार असाल तर हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघा, एवढंच माझ्या अनुभवावरून.

शेवटची एक बारीक गोष्ट, उत्तर संपलं की थांबा. समोरचा काही बोलत नाही, शांतता होते, आणि मुलं घाबरून पुढे बोलायला लागतात, "म्हणजे तसं मी टीम प्लेयर पण आहे", आणि चांगलं झालेलं उत्तर स्वतःच्या हाताने पातळ करतात. तो बोलत नाही कारण तो लिहीत असतो. लिहू द्या त्याला.

भाचा चाकणला जाऊन आला. त्याने ढोलाचं सांगितलं, तर मेंटेनन्सचे साहेब स्वतः जुने ताशावाले निघाले, दहा मिनिटं पान कुठून आणता यावरच बोलत होते आणि मग म्हणाले, बरं, कन्व्हेयरच्या बेल्टसाठी अशी वही काढायची तर कुठले रकाने करशील? याने तिथेच कागदावर काढून दाखवले. ऑफर लेटर अजून आलेलं नाही, पण मेडिकलला बोलावलंय शुक्रवारी.